बसलेली माणसे, उभी माणसे

२००६ सालची गोष्ट. आई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे नोव्हेनाला आली होती. येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच तिची दाढ ठणकू लागली आणि मी तिला घेऊन घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. आमच्या नोव्हेनाला देवाने दोन गोष्टी भरभरून दिल्या आहेत: एक चर्च आणि दुसरे डॉक्टर. त्यामुळे दवाखाना शोधायला लांब जावे लागले नाही. नंबर लागायला मात्र चांगला तासभर गेला.

समोरच्या भिंतीवर एका जुन्या चित्राची छापील प्रत फ्रेम करून लावली होती. तपकिरी, काहीशी अंधारी खोली. पांढरे कापड अंथरलेले टेबल. त्याभोवती दोन लहान मुले आणि वाढता वाढता वाकलेली एक बाई. धाकट्याने हात जोडले आहेत. त्याच्या खुर्चीला खेळण्यातला ढोल अडकवलेला. मी एक मासिक चाळत होतो. आई गालावर हात ठेवून त्या चित्राकडे एकटक बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, त्या धाकट्याला श्लोक येत नाहीये बघ. थोरली मनातल्या मनात हसतेय त्याला. आणि त्याचं सगळं लक्ष जेवणाकडे."

मी "हं" म्हटले आणि पान उलटले.

ते चित्र कोणाचे हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळले. ज्याँ सिमेऑं शार्दां या फ्रेंच चित्रकाराचे ते 'जेवणाआधीची प्रार्थना'. पॅरिसच्या प्रदर्शनात ते १७४० साली लागले, त्याच वर्षी पंधराव्या लुई राजाला भेट म्हणून दिले गेले आणि आज ते लूव्रमध्ये आहे. १७४४ साली त्याच्यावरून छापचित्र निघाले आणि त्याखाली चार ओळींचे एक पद्य घातले होते. त्याचा आशय असा, की बहीण आपल्या अडखळणाऱ्या भावाला गुपचूप हसते आहे आणि त्याला भूक लागल्यामुळे तो प्रार्थना कशीबशी उरकतो आहे. म्हणजे दोनशे बासष्ट वर्षांनी, सातारा जिल्ह्यात माहेर असलेल्या एका बाईने, फ्रेंचचे एक अक्षर ठाऊक नसताना आणि दाढ दुखत असताना, चित्रातले नेमके तेवढेच वाचले होते. त्या काळी लहान मुलग्यांनाही झगे घालत, त्यामुळे ते धाकटे मूल पहिल्या नजरेला मुलगीच वाटते. आईने मात्र त्याला मुलगाच ठरवला होता. कशावरून, ते मी विचारले नाही.

मी पेशाने इंजिनियर. चित्रकलेतले मला कळते असा माझा दावा नाही. पण त्या दिवसापासून मी या जातीची चित्रे बघत आलो, थोडेफार वाचत आलो, आणि बघण्याची एक साधी युक्ती मला सापडली. ती आपल्या मंडळींना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच. आधी थोडा इतिहास सांगतो, मग युक्ती, आणि शेवटी ती माझ्याच अंगावर कशी उलटली तेही.

दुय्यम दर्जाची चित्रे

पॅरिसमध्ये १६४८ साली राजाश्रयाने चित्रकारांची अकादमी स्थापन झाली. आपल्याकडे जशी पंगतीत मानाची पाने ठरलेली असत, तशी या अकादमीत चित्रांची प्रतवारी ठरलेली होती. सर्वांत वरचे पान इतिहासचित्राचे: देवदेवता, बायबलातील प्रसंग, राजांचे विजय. त्याखाली व्यक्तिचित्र. आणि घरातले, बाजारातले, बागेतले रोजचे जगणे रंगवणारा तो 'जॉनर'चा चित्रकार. या शब्दाचा अर्थ खरे तर नुसता 'प्रकार'. इतिहासचित्र सोडून इतर कुठलाही एक प्रकार हाताळणारा, मग तो फळे रंगवो की कुत्री, या नावाखाली येई. रोजच्या जीवनाचे चित्र एवढाच अर्थ त्याला नंतर चिकटला. मराठीत आपण प्रसंगचित्र किंवा जनजीवनाचे चित्र म्हणू. शार्दांलाच अकादमीने १७२८ साली प्रवेश दिला तो प्राणी आणि फळे काढणारा म्हणून.

पण अठराव्या शतकात ही दुय्यम पंगतच जास्त रंगली. त्याला कारणे होती. १७१५ साली चौदावा लुई वारला आणि व्हर्सायच्या दरबारात ताटकळणारे सरदार पॅरिसमधल्या आपापल्या वाड्यांत परतले. या घरांच्या खोल्या बेताच्या होत्या. तिथे बारा हात लांबीचे युद्धाचे चित्र लावणार कुठे? त्यांना लहान, डोळ्यांना सुखवणारी आणि आपल्यासारखीच माणसे दाखवणारी चित्रे हवी होती. दुसरे कारण प्रदर्शनाचे. १७३७ पासून अकादमीचे प्रदर्शन लूव्रमध्ये नियमित भरू लागले आणि त्यात सरदारापासून दुकानदारापर्यंत कोणालाही जाता येई. तिसरे कारण छापचित्रांचे. मूळ चित्र एकाच घरात राहते, पण ताम्रपटावर कोरून काढलेल्या त्याच्या प्रती शेकडो घरांत जातात. गिऱ्हाईक, प्रदर्शन आणि छापखाना ही तिन्ही एकत्र आली आणि रोजच्या जगण्याला भिंतीवर जागा मिळाली. ही तीन कारणे लक्षात ठेवा. पुढे मुंबईत ती पुन्हा भेटणार आहेत.

फुरसतीचे शतक

या चित्रांतून दिसते काय, तर मुख्यतः फुरसत. आंत्वान वातो याने १७१७ साली अकादमीला 'सिथेरा बेटाची यात्रा' हे चित्र दिले. रेशमी कपड्यांतली जोडपी प्रेमदेवतेच्या बेटावर विहाराला आलेली, एकमेकांच्या कानाशी कुजबुजणारी. हे इतिहासचित्र म्हणावे तर त्यात पराक्रम नाही. अकादमीने त्याची नोंद 'फेत गालांत', म्हणजे रसिकांचा विहार, अशा शब्दांत केली आणि त्या नावाचा एक चित्रप्रकारच रूढ झाला. वातो छत्तिसाव्या वर्षी गेला.

१७३५ साली ज्याँ फ्रांस्वा द त्र्वा याने राजाच्या व्हर्सायमधल्या खासगी भोजनगृहासाठी 'कालवांची मेजवानी' रंगवली. सरदार शिकारीनंतर जेवायला बसलेत, जमिनीवर शिंपल्यांचा खच पडला आहे आणि शॅम्पेनच्या बाटलीचे बूच नुकतेच उडून हवेत आहे. काहींच्या नजरा त्या बुचाकडे. फ्रांस्वा बूशेच्या १७३९ सालच्या 'न्याहारी' या चित्रात श्रीमंत पण सुटसुटीत खोली आहे. दोन बायका, दोन मुले आणि हातात भांडे धरून उभा असलेला एक पुरुष. एक बाई मुलाला चमच्याने भरवते आहे. मागच्या फडताळावर एक चिनी पुतळी. आणि फ्रागोनारचा १७६७ च्या सुमाराचा 'झोका' तर अनेकांनी कॅलेंडरवर पाहिला असेल. झगा फुलवून झोके घेणारी तरुणी, हवेत उडालेला तिचा जोडा, झुडपात लपून वर बघणारा प्रियकर आणि मागे अंधारात दोऱ्या ओढणारा एक वयस्क गृहस्थ.

आता युक्ती सांगतो. असे चित्र समोर आले की तीन प्रश्न विचारायचे. कोण बसले आहे? कोण उभे आहे? आणि कोण चित्रात नाही?

कालवांच्या मेजवानीत सरदार बसले आहेत आणि नोकर उभे राहून वाढताहेत. झोक्यावरची तरुणी बसली आहे, दोरी ओढणारा राबतो आहे, आणि आपण कोणासाठी राबतो आहोत हे त्याला ठाऊकच नाही. बूशेच्या न्याहारीत बायका बसल्या आहेत आणि तो पुरुष उभा आहे. गंमत अशी की तो घरचा यजमान आहे की कॉफी आणून देणारा पोऱ्या, यावर जाणकारांचे आजही एकमत नाही. तो बसला असता तर हा वाद झालाच नसता! आता तिसरा प्रश्न. त्या काळी फ्रान्समध्ये येणारी साखर आणि बरीचशी कॉफी कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून येई आणि ते मळे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत. त्या उबदार खोलीतल्या न्याहारीची किंमत चुकवणारी माणसे चित्रात कुठेच नाहीत.

शार्दांचे चित्र इथे वेगळे पडते. त्यात मुले बसली आहेत आणि आई उभी आहे, वाकलेली आहे. त्याने ऐषाराम न रंगवता त्या उभ्या बाईला चित्राच्या मध्यावर आणले. राजाच्या संग्रहात गेलेल्या त्या चित्रात कोणी राजा नाही, एक घाईतली आई आहे.

त्याच वेळी आपल्याकडे

सनावळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की मजा वाटते. बूशेने न्याहारी रंगवली त्या १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शार्दांची प्रार्थना प्रदर्शनात लागली त्या १७४० साली बाजीरावांचे निधन झाले. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ग्रझच्या 'गावातली नवरी' या चित्रापुढे झुंबड उडाली. दिदरोसारख्या विचारवंताने त्यावर कौतुकाने लिहिले. एका खेडवळ घरात बाप जावयाला हुंड्याची थैली देतो आहे आणि नवरीच्या बहिणींना, आईला गहिवरून आले आहे, असे ते चित्र. आपल्याकडे तेव्हा किती घरांत गहिवर होता आणि कशामुळे, हे वेगळे सांगायला नको.

मग पेशवाईत फुरसत नव्हती का? होती. पण ती शब्दांत आणि सुरांत राहिली. राम जोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या, कीर्तने, जात्यावरच्या ओव्या, नागपंचमीचे झोके, मंगळागौरीची जागरणे, झिम्मा आणि फुगड्या. चित्रेही होती. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. पण चित्रकार आश्रयदात्याच्या भिंतीसाठी किंवा पोथीसाठी काम करी. कोणीही यावे आणि बघावे असे प्रदर्शन नव्हते आणि चित्रे छापून विकणारे दुकानही नव्हते.

त्या शतकाच्या अखेरीला एक दार किंचित किलकिले झाले. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे गंगाराम तांबट नावाचा मराठी कलावंत काम करी. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आला आणि त्याच्या हाताखालीही तो शिकला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची जी तैलचित्रे आपण पुस्तकांत पाहतो ती वेल्सची. गंगारामने मात्र पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, तालमीत कसरत करणारे मल्ल काढले. दरबाराबाहेरची चालती बोलती माणसे एका मराठी माणसाने समोर बघून काढली होती. त्याचे काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. वेल्स १७९५ साली वारला, सवाई माधवरावही त्याच वर्षी गेले, आणि ते दार मिटले.

धुरंधरांची मुंबई

ते पुन्हा उघडले मुंबईत. १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि तिची प्रदर्शने भरू लागली. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना घाटकोपरला निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. गिऱ्हाईक, प्रदर्शन आणि छापखाना! पॅरिसमध्ये जी तीन कारणे जुळून आली होती ती दीडशे वर्षांनी मुंबईत जुळली. रविवर्म्यांच्या छापचित्रांतली झोक्यावरची मोहिनी घराघरांत लागली. बाई झोक्यावर निवांत बसलेली दाखवायची तर ती मोहिनी असावी लागे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

रोजच्या मराठी जगण्याला चित्रात हक्काची जागा दिली ती रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधरांनी. जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. १८९० साली ते जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच शिक्षक होऊन १९३१ साली निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले ते 'आलीस का लक्ष्मी?' अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिलेल्या चित्राला. ते नाव वाचले की मला आमच्या घरच्या गौरी आठवतात. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावले आणि प्रत्येक खोलीच्या दारात थांबून विचारलेले प्रश्न.

धुरंधरांनी शिवचरित्रातले प्रसंग रंगवले, पौराणिक चित्रे काढली, तशीच लग्ने, सण, देवळात निघालेल्या बायका, मुंबईचे रस्ते आणि त्या रस्त्यांवरची हरतऱ्हेची माणसेही काढली. त्यांची विनोदी पोस्टकार्डे छापून विकली जात. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. १९१४ साली निघालेल्या त्या पुस्तकाची चित्रे धुरंधरांची. रॉथफेल्डच्या १९२० सालच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातही त्यांचीच चित्रे आहेत. त्यात वेगवेगळ्या जातींच्या आणि व्यवसायांच्या बायकांचे नमुने साहेबाला दाखवण्यासाठी मांडले आहेत, हे खरे. फ्रान्समध्येही बूशार्दों या कलावंताने पॅरिसच्या रस्त्यावरचे फेरीवाले असेच एकेक करून काढले होते आणि ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेले. पण साहेबासाठी म्हणून काढलेल्या धुरंधरांच्या त्या बायकांच्या लुगड्याचा काष्टा, कमरेवरचा हात, डोक्यावरच्या पाटीचा तोल इतका बिनचूक आहे की बघणाऱ्या मराठी माणसाला ती बाई कालच भेटल्यासारखी वाटते.

२०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले होते. मी योगायोगाने तेव्हा मुंबईत होतो. तिथे मी माझे तीन प्रश्न घेऊन हिंडलो आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली. वातोची आणि फ्रागोनारची माणसे फुरसत असल्यामुळे फुरसतीत आहेत. आपल्या बायकांना फुरसत मागून मिळत नसे. तिला एखादे निमित्त लागे, आणि ते निमित्त बहुधा देवाचे असे. देवळात जायचे म्हणून घराबाहेर पडायचे. मंगळागौर म्हणून रात्रभर खेळायचे. चैत्रगौरीचे म्हणून दुपारी कैरीची डाळ आणि पन्हे. एरवी "उगीच काय बसलीस?" म्हणणारे घर या दिवशी गप्प बसे. हळदीकुंकू हे आपले फेत गालांत. त्यातही पुन्हा कोण बसले आणि कोण उभे हे आहेच. आलेल्या बायका सतरंजीवर बसतात, घरची बाई उभी, आणि कपबशा विसळणारी मोरीत.

आणि चित्रात नाही कोण? तर ज्या बाईचा नवरा गेला आहे ती.

गोल टेबल

आपल्या सिंगापूरकडेही याच नजरेने बघता येते. नॅशनल गॅलरीत चुआ मिआ टी यांचे १९५९ सालचे 'राष्ट्रभाषेचा वर्ग' हे चित्र आहे. लहानपणी चीनहून इथे आलेल्या या चित्रकाराने एका गोल टेबलाभोवती मलय भाषा शिकायला जमलेली तरुण चिनी मंडळी रंगवली आहेत. त्याच वर्षी सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळाले होते आणि मलय ही राष्ट्रभाषा होणार होती. फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले आहेत: तुझे नाव काय, आणि तू कुठे राहतोस?

या माणसांनीही आपला वेळ दिला आहे, पण तो झोक्यावर घालवलेला नाही. नव्या देशात आपली ओळख सांगता यावी म्हणून ती वर्गात बसली आहेत. परदेशात आलेल्या माणसाची फुरसत बहुतेक अशीच असते, नाही का? आपल्या मुलांचे शनिवारचे मराठीचे वर्ग, नाटकाच्या तालमी, गणपतीची सजावट. दिसायला विरंगुळा, पण आत हेच दोन प्रश्न चालू असतात.

आमच्या घरचे चित्र

आता युक्ती माझ्यावर कशी उलटली ते सांगतो.

आई २०१४ साली पुण्यात गेली. तेराव्याला वाटायच्या पुस्तिकेसाठी धाकट्या भावाने फोटो मागितला. "तिचा नेहमीचा, घरातला असा एखादा पाठव," म्हणाला. मी सगळे अल्बम आणि सीड्या काढल्या. आईचे फोटो शंभरावर निघाले. मर्लायनपुढे आई, सेंटोसाला आई, बर्ड पार्कमध्ये खांद्यावर पोपट घेऊन घाबरलेली आई. सगळीकडे ती सरळ उभी, पदर खांद्यावरून घेतलेला, हात एकमेकांत. इतिहासचित्रे सगळी! दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ती वाती वळायची आणि शनिवारी चर्चला येणारी गर्दी बघायची. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना असे मी तिला सांगितले तेव्हा "म्हणजे यांचंही नवरात्रच की," असे ती म्हणाली होती. त्या आईचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. कॅमेरा नेहमी माझ्या हातात असे, तेव्हा दोष द्यायलाही दुसरे कोणी नव्हते.

शोधता शोधता २००७ च्या जानेवारीतली सीडी सापडली. आमच्याकडचे संक्रांतीचे हळदीकुंकू. हॉलमध्ये पंचवीसेक बायका, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली कोणाची तरी लहानगी. सगळ्या माझ्या कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. आणि त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून, थोडी अस्पष्ट अशी आई दिसते. तिच्या शेजारी इंडोनेशियाहून आलेली आमच्या घरची मदतनीस. दोघी दोन बुटक्या स्टुलांवर बसल्या आहेत, मध्ये तिळगुळाचे ताट आहे आणि दोघी कशाला तरी तोंडाला पदर आणि हात लावून हसताहेत. एकीला मराठी, दुसरीला मलय. काय विनोद झाला होता देव जाणे.

त्या फोटोकडे बघताना मला ती संध्याकाळ लख्ख आठवली. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. सौ. दोनदा म्हणाली होती, "आई, बाहेर या ना." आई म्हणाली, "तुमचं चालू दे. मी आत बघते." आणि मी काय केले? काही नाही. आत कोणीतरी बघते आहे म्हणून मला बरेच वाटले होते. पुण्यातल्या वाड्यात हे झाले असते तर मी रूढींवर भाषण ठोकले असते. इथे, माझ्याच घरात, सातासमुद्रापार, मी कॅमेरा घेऊन हॉलमध्ये उभा होतो. शिकल्यासवरल्या पंचवीस बायका, इंजिनियर मुलगा, आणि आई दाराआड. कोणी तिला अडवले नव्हते. कोणी हाताला धरून आणलेही नव्हते.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. ती बातमी मी इथे सकाळी चहा पिताना वाचली. शिरोळ तालुक्यातले एक गाव आमच्या नोव्हेनातल्या फ्लॅटच्या पुढे निघून गेले होते.

भावाला मी तोच फोटो पाठवला, आईपुरता कापून मोठा करून. पुस्तिकेत तो जरा धूसरच आला. पण आमच्या हॉलमध्ये मी तो पूर्ण लावला आहे. पुढे सजलेल्या बायका, मागे दार, दारात त्या दोघी. मदतनीस नंतर आपल्या गावी परत गेली. आमची मुलगी आता मोठी झाली आहे. ती कधीतरी त्या फोटोपुढे थांबते आणि विचारते, "आजी हसतेय कशाला?" मला सांगता येत नाही. आईला विचारले असते तर शार्दांच्या चित्रासारखे तिने तेही वाचून दाखवले असते.

तर मंडळी, पुढच्या संक्रांतीला आपल्याकडे हळदीकुंकू असेल तेव्हा दोन कामे करा. फोटो काढणाऱ्याने चार पावले मागे सरून स्वयंपाकघराचे दारही चित्रात घ्यावे. आणि फोटो काढण्यापूर्वी आत जाऊन बघावे, तिथे कोण थांबले आहे. असेल कोणी, तर तिला हाताला धरून बाहेर आणावे आणि सतरंजीवर सर्वांच्या मध्ये बसवावे. सौ. आता आमच्याकडे आमंत्रण देताना हे स्पष्ट सांगते. गेल्या वर्षी तीन आज्या आल्या होत्या. कपबशा मी विसळल्या.